साल

बिल्डरनं छत्तीस सांगितले
आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.
बाहेर आल्यावर भैरू म्हणाला, जमेल की.
मी काही बोलले नाही.
आकडा जितका गोल तितका तो घरंगळतो,
हे मला दातांच्या दवाखान्यात पावत्या फाडताना कळलंय:
रूट कॅनाल साडेतीन हजार,
टोपी वेगळी.

घराची टोपी कुठं असते ते शोधायला
तन्वीच्या गणिताच्या वहीची मागची पानं घेतली.

बँक ऐंशी टक्के देते.
पण छत्तिसाचेच देते, त्याच्या शेपटीचे नाही.
मुद्रांक आणि नोंदणी, अडीच लाख,
आपल्याच खिशातून, एका सकाळी.
वकील पंधरा हजार,
मेलेल्या माणसांच्या सह्या तपासायला.
पार्किंग दीड लाख. आमची एक स्कूटी.
तिला उभं राहायला लागते
तन्वीच्या तीन वर्षांच्या फीएवढी जागा.
सोसायटीची अनामत. हेस्कॉमचा मीटर.
पश्चिमेच्या खिडकीला झडप, कारण बेळगावचा पाऊस
पडत नाही, आडवा घुसतो.
पंखे. गिझर. पडद्याचे दांडे
(नव्या घरात दांडेसुद्धा नसतात, हे कुणी सांगत नाही).
दोन किलो कुंदा.
तो कशाला लिहितेस, भैरू म्हणाला.
म्हटलं, खाणार आहेत ना सगळे?

आमच्याकडं नऊ. लागतात बारा अठ्ठ्याहत्तर.

भैरूनं पेन्सिल घेतली, खालून वर बेरीज केली.
उद्यमबागच्या लेथवर केसभर चूक झाली
तर अख्खा शाफ्ट भंगारात जातो, हे जाणणारा माणूस.
उत्तर तेच आलं.
मग आठवडाभर
आम्ही त्या पानाशी बोललो नाही.

वडगावातलं हे दुसरं घर गिरिजक्कानं सुचवलं.
तिच्या भाच्याचं. बारा वर्षांचं, सत्तावीस लाख,
लिफ्ट नाही, दुसरा मजला.
न्हाणीघराच्या छताला एक डाग,
बैलाच्या तोंडासारखा.
मी स्टुलावर चढून तो बोटानं दाबला.
बोट ओलं झालं.
पाइपाचे पस्तीस हजार तिथंच लिहिले,
भाच्यासमोर. तो दुसरीकडं बघत राहिला.

करारपत्र कानडीत.
मला बसच्या पाट्या वाचता येतात, बाजार करता येतो,
पण कोर्टाची कानडी म्हणजे
ओळखीच्या माणसानं तोंड फिरवून बोलल्यासारखी.
गिरिजक्कानं चष्मा नाकावर ओढला
आणि सोप्यात बसून एकेक ओळ सोडवली.
मने, ती वाचत होती, मने, मने.
घर म्हणजे मने, हे मला लहानपणापासून ठाऊक,
तरी प्रत्येक वेळी वाटलं
की कुणीतरी मनं मोजतंय,
चतुःसीमेसकट,
पूर्वेला रस्ता, दक्षिणेला दुसऱ्याची भिंत.

मग बँकेचा कागद. त्यात एक शब्द सारखा यायचा.
साल.
साल म्हणजे कर्ज गं, ती म्हणाली.
मी मात्र वर्ष ऐकलं.
वीस.
दोन्ही भाषांत हिशेब बरोबर निघाला.

सही करताना भैरूचा हात थोडा थांबला,
नखांत ग्रीस होतं, त्यानं ते आधी पुसलं.

रात्री वही पुन्हा काढली.
रंग, पाइप, वकील, मुद्रांक, बँकेची फी,
सगळं वजा जाऊन शेहेचाळीस हजार उरले.
खाली लिहिलं: हात लावायचा नाही.
भैरू म्हणाला, कुंदा?
अरे हो.
पंचेचाळीस हजार आणि वर काही.

पान उलटलं तर पुढच्या बाजूला
तन्वीचं गणित होतं, बाईंच्या लाल शाईत:
उत्तर बरोबर. रीत दाखव.