दुसरी बाजू

फेब्रुवारीत रॅमसी तलाव पुरता गोठला की
ओरेस्ट आपली प्लायवूडची खोपटी ट्रकमागे ओढत आणतो,
बर्फाला दोन भोकं पाडतो,
आणि गळाला मासा लागायच्या आत
भांडण लागतं.

तेच. ब्याऐंशी सालापासूनचं.
त्या तिघांच्या बँडनं सिंथेसायझर घेतला
तेव्हा बँड वाढला की बाटला?

रेइनो म्हणतो, बाटला.
चार अल्बम, म्हणतो, चार!
गिटारच्या तोंडाला पानं पुसली.
आधी कशी ड्रिलसारखी थेट खडकात घुसायची,
आणि मग हे धुकं. बटण दाबलं की धुकं.
बोटांना घट्टे पडत नाहीत ते कसलं वाद्य?

ओरेस्टच्या नाकाला मिरच्या झोंबतात.
थर्मासचं झाकण आपटत म्हणतो:
तुझी ती वीस-वीस मिनिटांची गाणी,
निम्मा वेळ ड्रॅगन, उरलेला वेळ ड्रम.
इथे पहिल्यांदा कुणी आपल्या गावासारख्या गावाबद्दल बोललं.
पाळी सुटल्यावरचा पार्किंग लॉट,
संपाच्या हिवाळ्यात विकलेला फ्रीज,
आणि मागे तो एकच लांबलेला सूर,
स्मेल्टरच्या चिमणीवरून सरकणाऱ्या रात्रीसारखा.
जमलं असतं गिटारला?

मी मध्ये पडत नाही.
एल्म स्ट्रीटवरच्या दुकानात
दोघांनाही त्या रेकॉर्डी मीच विकल्या होत्या.
रेइनोनं त्याची तिसऱ्या दिवशी परत आणून आपटली
आणि सातव्या दिवशी,
दुकानात ओरेस्ट नाही असं बघून,
पुन्हा विकत नेली.
पावती नको, म्हणाला.
चाळीस वर्षं झाली, मी ते पोटात ठेवलंय.

माझं म्हणाल तर
निळ्या कव्हरचा अल्बम, दुसरी बाजू, तिसरं गाणं:
तिथे सिंथ केसभर बेसूर होतो.
यंत्र तापलं असणार.
कुणी दुरुस्त केलं नाही.
मला तेवढंच आवडतं.
पण मला कुणी विचारत नाही.

गेल्या गुरुवारी
ओरेस्ट लाकडं आणायला बाहेर गेला,
तेव्हा रेइनोनं खिशातून चौघडी घातलेला कागद काढला.
कानाच्या डॉक्टरचा.
आलेखाची रेघ बरी चालत येते
आणि मग कड्यावरून पडते.
ती पडते तिथेच गिटार राहायची.

"सोलांज," तो कुजबुजला,
म्हणजे त्याला वाटलं कुजबुजला,
"वरचं काही येत नाही आता.
पेडलचं तेवढं येतं. पायातून."

दार उघडलं. ओरेस्टनं बुटांवरचा बर्फ झटकला.
"काय येतं पायातून?"
"थंडी," मी म्हणाले.

कॅसेट चालू होती, स्पीकर खालच्या फळीवर.
रेइनोनं बूट काढून ठेवले,
लोकरीच्या मोज्यांतले पाय फळीवर पसरले
आणि सवयीनं बँडला शिव्या घालू लागला,
जरा मोठ्यानंच.

तेवढ्यात लांबवर, तलावाच्या मध्यावर कुठेतरी
बर्फ बोलला.
तडकण्याचा आवाज नव्हे तो.
वरून खाली घसरत येणारा सूर,
आधी बारीक, काचेसारखा,
मग जाड, मग त्याहून जाड,
अगदी त्या चार अल्बमांतून उचलून आणल्यासारखा.

आम्ही दोघं गप्प. रेइनो बोलतच होता.
सुराची बारीक टोकं आमच्या वाट्याला आली,
शेपूट त्याच्या.
वाक्याच्या मध्येच तो थांबला,
पायांकडे बघू लागला.

"ऐकलंस?" ओरेस्ट ओरडला. "तलावसुद्धा माझ्या बाजूनं!"

"तलावाला काय कळतं," रेइनो म्हणाला.
"बाटला तो बाटला."
मग थोड्या वेळानं, गळाची दोरी उगाच सारखी करत,
"संपली वाटतं ही.
दुसरी बाजू लाव."