आजारपणाची वही

अफान सोलकर, आठवी ब.
पोटदुखी. पोटदुखी. पुन्हा पोटदुखी.
जूनपासून अकरा वेळा, माझ्याच अक्षरात.
दर वेळी चिमूटभर ओवा दिला,
घरी धाडला.

काल जेटीवर दिसला,
बापाच्या होडीतलं पाणी डब्यानं उपसत.
म्हटलं, होडी तर बांधलेलीच आहे की.
"बांधलेलीतपण भरतंय सर,
रात्रीचं. कुणाला दिसत नाय."
मग बराच वेळ नुसता डब्याचा आवाज.
मला पुढचं विचारता येईना;
बी.एड.ला हे नव्हतं.

आज तालुक्याला अर्ज लिहिला:
हर्णैच्या शाळेला समुपदेशक हवा,
महिन्यातून एकदा येणारा नको,
इथलाच, रोजचा.
कारणाच्या रकान्यात
जागा अर्धीच ओळ.
लिहिलं, पोटदुखी.