शिसपेन्सिल

शिसपेन्सिलीत शिसं नसतं
हे चिलुफ्याला दवाखान्यात कळलं,
तेव्हा ती हसली.
मग नर्स नामाकाउने कागद पुढे सरकवला:
कासोंडेच्या बोटातून काढलेल्या
एका थेंबाचा आकडा.
हसू ओठांवरच राहिलं,
उतरवायचं कसं ते तिला सुचेना.

काब्वेची खाण बंद पडली तेव्हा
चिलुफ्या स्वतः अंगणात रांगत होती.
साहेब गेले, फाटकाला कुलूप लागलं,
धुराडं गंजत उभं राहिलं.
शिसं कुठेच गेलं नाही.

ऑक्टोबर. पाऊस महिनाभर लांब.
काळ्या टेकाडावरून वारा उठतो
आणि बसतो
दोरीवर वाळणाऱ्या चितेंग्यावर,
सुपातल्या कापेंटाच्या मासळीवर,
गोट्या खेळून चाटलेल्या बोटांवर.
आपण म्हणतो, सामान धूळ खात पडलंय.
इथे सामान पुसलेलं असतं.
धूळ खातात ती मुलं.

शरीर भोळं असतं, नामाकाउ सांगते.
शिसं दारात आलं
की त्याला कॅल्शियम वाटतं,
घरचंच कुणी समजून
हाडांत जागा करून देतं.
पाहुणा मग उठायचं नाव घेत नाही.

पाच वर्षांचा कासोंडे.
काल गिरवलेलं अक्षर आज अनोळखी.
पोट दुखतं. नखं पांढरी.
चिडला की भिंतीवर डोकं आपटतो.
शेजारीण म्हणाली, हट्टी आहे.
शाळेत म्हणाले, मंद आहे.
जड झालाय
असं कुणीच म्हणालं नाही.

औषधाने उतरेल थोडं, नामाकाउ म्हणाली,
पण याच अंगणात परत सोडलंत
तर पुन्हा चढेल.

अंगण!
सासू त्यावरूनच तर सुना पारखायची.
पहाटेचा कोरडा झाडू,
गवताचं एक पातं उरता कामा नये,
खराट्याच्या रेघा कशा, भांग पाडल्यासारख्या.
चिलुफ्याने झाडू छपरात खोचून ठेवला.
ओलं फडकं घेतलं.
अंगणात गवत लावलं,
नदीपलीकडची माती ढकलगाडीने आणून,
सत्तावीस खेपा, मोजून.
साप येतील, म्हणाली सासू.
दिसतील तरी, म्हणाली चिलुफ्या.

नवऱ्याचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही.
तो रात्री त्याच टेकाडावर खणतो,
पोतं भरतो, विकतो.
न्शिमाचं पीठ त्यातूनच येतं,
दवाखान्याचं बसभाडंही.
ती भांडली नाही.
दाराबाहेर बादली ठेवली.
कपडे इथे. बूट इथे. अंघोळ इथे.
मग मुलाला जवळ घे.
पहिल्या रात्री तो थंडीत कुडकुडत शिव्या देत होता.
चौथ्या रात्री त्याने विचारलं,
साबण संपला का?

आणि अकरा बायकांनी नगरपालिकेच्या दारात
आपापल्या अंगणाची माती ठेवली,
साखरेच्या रिकाम्या पिशव्यांत, गाठ मारून.
पत्र होतंच. पण पत्र फाइलमध्ये जातं.
पिशव्या टेबलावर.
कारकून हात पुसत राहिला.
बोलता बोलता त्यानेच सांगितलं,
त्यालाही दोन लहान मुली आहेत.
मातीचे ट्रक आले, सहा.
टेकाड झाकायचं कधी,
याचं उत्तर अजून यायचंय.

पुढच्या ऑक्टोबरात दुसरा थेंब.
आकडा उतरला.
फार नाही,
मडक्यातलं पाणी रात्रीतून उतरावं तेवढा.
नामाकाउने खाली रेघ ओढली
आणि पुढची तारीख लिहिली.

संध्याकाळी कासोंडे उंबऱ्यावर बसून
पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करत होता.
चिलुफ्याने झडप घालून ती हिसकावली.
मग आठवलं.
क्षणभर ती तशीच उभी,
हातात एक निरपराध वस्तू.

हात धू आधी, ती म्हणाली.
त्याने धुतले, कोपरापर्यंत.
पेन्सिल परत मिळाली.
कालचं अक्षर त्याने काढलं,
उलटं,
पण तेच.