मुद्देमाल

ती आली तेव्हा जेवणाची सुट्टी संपायला सात मिनिटं होती.
काखेत हेल्मेट, हातात पारदर्शक फोल्डर,
रेनिता ग्रासियस, राहणार कुळवेम, गोराई.
नव्या धोरणाखालचा नवा अर्ज:
हस्तनिर्मित मद्य, लहान प्रमाणात उत्पादन.
सोबत चलन, अग्निशमनचा दाखला,
खाडीपासूनचं अंतर दाखवणारा नकाशा.
सरकारला आता छोट्या भट्टीचं कौतुक आहे.
शुल्क कमी केलंय, खिडकी एकच ठेवलीय.
ती खिडकी म्हणजे मी.

सगळे कागद बरोबर. रकाना अकरा रिकामा:
घटकपदार्थ व पारंपरिक कृतीचा लेखी पुरावा.

"आजीनं काही लिहून ठेवलं नाही. तुमच्याकडे असेल.
ब्याण्णवची धाड, ऑक्टोबरातली.
ती म्हणायची, सरकार फोडतं, पण मोजून फोडतं.
मला त्या पंचनाम्याची नक्कल हवी."

मी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

तेव्हा मी जवान. नवी खाकी,
होडीतून उतरलो तो घोट्याएवढ्या चिखलात.
दोमिंगीबाय पायरीवर बसलेली, चूल पेटती,
मडक्यावर मडकं, सांध्याला ओल्या कणकेचं लिंपण.
साहेब म्हणाले, लिही.
ती म्हणाली, लिवतस तं सगला लिव.
मी लिहीत गेलो:
काळा गूळ, अंदाजे चौदा किलो.
दालचिनी एक जुडी. लवंग मूठभर. बडीशेप.
गवती चहा, ताजा, परसातला असे आरोपी सांगते.
कच्चे रसायन लिटर दोनशे, जागीच नष्ट.
मडकी नग चार, जागीच.

फोडली मीच. काठी माझ्या हातात होती.
रसायन खाडीकडे निघालं,
त्यामागून तिच्या कोंबड्या,
आणि त्या नंतर कशा चालल्या
ते आठवून साहेब बदली होईपर्यंत हसायचे.

गठ्ठा सापडला तिसऱ्या दिवशी, पाण्याच्या टाकीमागे.
कडांना कसर लागलेली, अक्षर शाबूत.
'आरोपी' या शब्दावर माझा अंगठा होता.
झेरॉक्सवाला म्हणाला, साहेब, बोट काढा.

परवाना ज्या कायद्याखाली निघतो
त्याच्या नावात अजून दारूबंदी आहे.
ती हसली.
मी त्याच कलमांच्या पगारावर दोन मुली उजवल्या,
मला हसू यायला जरा उशीर लागला.

मग तिनं यादी वाचली, बोट ठेवून, ओळ ओळ.
"काहीतरी राहिलंय.
घरी चारदा करून बघितलं.
नामकरणाला आजी गरम खिमाड द्यायची,
त्यात घशाशी एक कडू यायचं शेवटी.
ते येत नाही."

राहिलं होतं.
खापरीच्या आतल्या अंगाला चिकटलेली
संत्र्याची साल, करपलेली.
नजरेला ती साधी काजळीच वाटली असती,
पण नमुन्याची बाटली लाखेनं बंद करण्याआधी
साहेब होडीवाल्याशी भाड्यावरून भांडत होते
आणि माझं वय चोवीस होतं.

"संत्र्याची साल," मी म्हणालो. "भाजून. थोडी करपू द्यायची."

तिनं माझ्याकडे बघितलं.
छातीवरची नावाची पट्टी वाचली,
मग पंचनाम्याच्या तळाची सही.
काही बोलली नाही.
पेनचं टोपण काढून रकान्यात लिहिलं
आणि विचारलं, "आधार काय लिहू?"

शिक्क्याची गादी वाळली होती.
मी तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले,
आणि मुरेपर्यंत थांबलो.