टायपिंग सेंटर, रुवी

अरबीत प नाही.
म्हणून अकरा वर्षं मी इथे फणसोबकर.
ळ नाही, ठ नाही,
च लिहायचा तर श च्या दारात जावं लागतं.
पाचपुत्यांचे बाशबूते होतात
आणि रेसिडेन्स कार्ड त्याच नावाने निघतं.
ठोंबऱ्यांचा ठ मी काढून ठेवतो
ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिनांशेजारी.
परत मागायला अजून कुणी आलं नाही.

फॉर्ममध्ये चार चौकटी :
स्वतःचं, बापाचं, आजोबाचं, कबिल्याचं.
आजोबापाशी आमची माणसं अडतात.
"लिहा की काहीतरी, आम्ही आबाच म्हणायचो."
मी आबा लिहितो. अरबीत त्याचा बाप होतो.
एक पिढी तिथेच गळते.

गुरुवारी दगडू येळे आला, माण तालुक्याचा,
बरकाला क्रेनवर असतो.
बायकोचा व्हिसा.
सोबत कंपनीचा मंदूब, सखर,
पांढऱ्या दिशदाशावर चहाचा एक थेंब.
"दगडू म्हणजे काय रे?"
मी सांगितलं : आधीची दोन गेली,
हा तरी राहावा म्हणून दगड म्हटलं,
म्हणजे सटवी ढुंकून बघत नाही.
सखर हसला. म्हणाला, सखर म्हणजेही खडकच,
आजीने ठेवलं,
का ते कधी विचारलं नाही.
मग दोन दगड हातात हात घेऊन
उगाच हलवत राहिले.

"आणि बायकोचं?"

पासपोर्टवर होतं, नकुसा.
दगडू आपल्या बुटांकडे बघायला लागला.
चौथी मुलगी. बस्स.
माणातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही,
रत्नागिरीतल्यालाही नाही.
सखरला लागलं असतं.

"चुकवा ना भाऊ एखादं अक्षर,"
दगडू हळूच म्हणाला, मराठीत,
"टायपिंगमधी होतंच की."

माझ्या हातून चूक होत नाही.
पण अरबीत क दोन आहेत.
एक साधा, आपला.
दुसरा घशाच्या तळातून, आडातून पोहरा ओढावा तसा;
लहानपणी मदरशात छडी खाऊन
मी तो वेगळा करायला शिकलो.
इंग्रजी स्पेलिंगला दोन्ही चालतात.
मी खालचा घेतला,
आणि न ला एक अलिफ जोडला, काठीसारखा उभा.

सखरने स्क्रीनवर वाचलं.
"नाकूसा. नाकूस? घंटा?"
"जवळपास," मी म्हणालो.
"चांगलं आहे. लांबून ऐकू येतं."

"काय म्हणला?" दगडूने विचारलं.

मी प्रिंटर चालू करायला उठलो.
जुनं मशीन आहे,
गरम व्हायला वेळ घेतं.