चुंबक काढून

सातपूरला व्हॉल्व्हच्या दुकानावर जो माळा आहे
तिथे आम्ही सात जण, एक टेबलफॅन
आणि चार खाचांचा लाकडी ट्रॅक.
खाचा गायधनींनी कापल्या, प्लायवूडमध्ये, एका रात्रीत,
टूलरूममध्ये तीस वर्षं मुरलेल्या हाताने.
तेव्हा तो हात थरथरत नव्हता.

वळणांना नावं आहेत आमच्याकडे.
लांबलचक, सुसाट, ते गंगापूर रोड.
आणि जिथे चारही गाड्या हमखास एकमेकींत अडकतात
ते अर्थात द्वारका.

आजचा विषय एकच : दिवाळीनंतरची मालिका.
सहा शर्यती. जुन्या जीटी गाड्या,
साठ ते बाहत्तर सालातल्या,
बत्तिसाव्या हिश्श्याच्या, तळहातावर मावणाऱ्या.
बाहत्तरच का? निंबा अहेर विचारतो.
केर्सी म्हणतो, कारण त्र्याहत्तरची माझ्याकडे नाही.
तो देवळालीहून येतो, बिस्किटं आणतो,
त्याच्याशी कोण वाद घालणार.

ह्यातली एकही गाडी कधी त्र्यंबक रोडने गेली नसेल.
आम्ही त्या पाहिल्या रद्दीतल्या मासिकांत,
अर्धं पान फाटलेलं, उरलेल्या अर्ध्यात
फेरारीचं नाक.
बाकीची गाडी आम्ही मनातच पूर्ण केली
आणि ती तशीच राहिली, खऱ्यापेक्षा थोडी लांब.

शिरसाठ नोटप्रेसमध्ये होता, शाईच्या खात्यात.
डोळ्याला भिंग लावून माझी गाडी बघतो :
हा लाल नाही. हा शेंदूर आहे.
देवळात ठेव, शर्यतीत नको.

तारखांचं मात्र जमत नाही.
शनिवार महावितरणचा, दिवसभर वीज नाही.
रविवारी निंबाच्या साडूकडे साखरपुडा,
पुढच्या रविवारी त्याच साडूकडे दुसरा.
जानेवारीत द्राक्षं आली की तो कोल्ड स्टोरेज सोडून हलत नाही.
तबस्सुम कोकणी वहीत लिहिते, खोडते,
लिहिते. पेन्सिलीनेच. सेक्रेटरी झाल्यापासून शहाणी झाली आहे.

मग सातवा नियम.
गाडीच्या पोटाखालचं चुंबक : ठेवायचं की काढायचं?
ठेवलं तर गाडी ट्रॅकला चिकटते,
वळणात बोट दाबून ठेवलं तरी चालतं, कुणाचंही.
कुणाचंही, म्हणताना निंबा थांबला.
आम्ही सगळे पंख्याकडे बघू लागलो.

काढा, गायधनी म्हणाले.
चिकटलेली गाडी चालवायची तर इस्त्री काय वाईट?
ह्या गाड्यांचं शेपूट हललं पाहिजे.
आणि पान्याने त्यांनी स्वतःच्या चंदेरी ॲस्टनचा स्क्रू काढला.
तीनदा पाना घसरला. कुणी हात पुढे केला नाही,
त्यांनी मागितला नव्हता.

चाचणीला मी पहिला. गंगापूर रोडवरून जो उडालो
तो थेट कॅलेंडरवर, सप्टेंबरला पोचा पडला.
केर्सी दोनदा आडवा. तबस्सुम बरी, पण भीत भीत.
मग ॲस्टन.

बोट कंट्रोलरवर ठेवलं आणि ते थरथरलं,
जसं चमच्यावर थरथरतं, सहीवर थरथरतं,
आणि करंट गेला तुटक तुटक,
थेंब, थेंब, थेंब.
गाडीचं शेपूट सुटायच्या आधीच सावरत होतं.
जे आम्ही वर्षभर शिकतोय,
दाबायचं, सोडायचं, दाबायचं,
ते बोट आपणहून करत होतं, न विचारता.
द्वारका पार. न अडकता.
आठ पूर्णांक नऊ सेकंद. पुढचा फेरा आठ पूर्णांक सात.

हे नियमात बसतं का? केर्सीने विचारलं, हसत, पण विचारलंच.
तबस्सुमने पहिल्यापासून पानं उलटली.
टायर आहे, वजन आहे, बारा व्होल्ट आहे, रंग आहे.
बोटाबद्दल काही नाही, ती म्हणाली,
आणि वही मिटली.

चहा आला. गायधनींची बशी वाजत राहिली
दोन्ही हातांत. ते स्वतःशीच काहीतरी मोजत होते,
बहुतेक आठ पूर्णांक पाच.
शिरसाठ अजून माझा शेंदूर खरवडत होता.
पाचवी शर्यत कुठल्या रविवारी,
ते ठरलेलं नाही.