बावन्न नंबर

आषाढ लागला की तिथी संपतात.
बँडची गाडी निंबाखाली ताडपत्री पांघरून झोपते
आणि आबा ओट्यावर किबोर्ड उघडतात,
एकेक स्क्रू बशीत मोजून.
एकसष्ट पट्ट्या. त्यातल्या नऊ पिवळ्या, हळदीने,
बाकीच्या घामाने.
आतून काय काय निघतं ते बघत बसावं:
कुंकवात भिजून वाळलेले तांदूळ,
शेल्याची जर, झेंडूची पाकळी,
कुण्या वरबापाने ओवाळून टाकलेली दहाची नोट,
एका कोपऱ्यात उंदराने चाखलेली.

मी जळगावहून आले होते, फोनमध्ये
एक गाणं घेऊन. तिघं आहेत ते,
ग्रिम्सबी नावाच्या गावचे, समुद्रकाठी,
मासळीच्या बंद पडलेल्या बर्फ-कारखान्यात वाजवतात.
बँडचं नाव 'सॉल्ट ऑफिस'. अजून फारसं कुणाला माहीत नाही.
होस्टेलच्या गच्चीवर मी आणि हेमांगी,
आम्ही दोघी म्हणजे त्यांचा अख्खा जळगाव जिल्हा.
नवं गाणं शुक्रवारी आलं. 'टेलिफोन वेदर'.
अर्थ विचारू नका.

आबांनी हात पुसले नाहीत. पेट्रोलच्या बोटांनीच
फोन कानाशी धरला, ट्रान्झिस्टर धरायचे तसा.
आधी नुसती घरघर,
रावेरच्या रस्त्यावर रात्री
केळीच्या शीतगृहातून येते तशी.
मग तो आवाज, ओल्या काचेवरून बोट फिरावं असा,
आणि त्यावर मुलगी गाते,
जणू घरातल्या कुणाला उठवायचं नाही.

"थांब. मांगे ले."
मी मागे घेतलं.
"आखो एकदाव."
मग म्हणाले, "हाई ते बावन्न नंबर शे."

बावन्न नंबर!
अंतरपाट खाली येतो त्या क्षणी
आबा दाबतात तो.
चोपड्यापासून सोनगीरपर्यंत किती नवऱ्यांनी
त्या आवाजात पहिल्यांदा मान वर केली असेल.
मॅन्युअलमध्ये त्याचं नाव काहीतरी चांदण्यांचं आहे.
आबांनी मॅन्युअल वाचलेलं नाही.

मला रागच आला. माझं गाणं होतं ते.
म्हटलं, आबा, हे वेगळं आहे, हे लोक मुद्दाम
ते ऐकत नव्हते. डोळे मिटून
चौथ्यांदा त्याच जागी बोट उचललं.
"त्यासना ग बठी गया. उशिरा उठस. आयक."

खरंच. दर वेळी तो सूर
जरा रेंगाळतो,
दारात चप्पल शोधणाऱ्या पाहुण्यासारखा.
मला वाटायचं ती त्यांची खुबी.
जीव तर त्याच्यावरच होता.

"त्यासले सांग, पेट्रोल अन् खोडरबर.
पट्टी काढीसन घासा. खाले काहीतरी अडकेल व्हई."
मग थांबून, खऱ्या कुतूहलाने,
"त्यासनाकडे काय अडकत व्हई, माय?
त्या तांदूय ते नही टाकतस ना?"

मला सांगता येईना. मीठ असेल. माशाचा खवला.
कुणी कुणावर काय टाकतं तिथे, आनंद झाला की?

संध्याकाळी किबोर्ड बंद झाला.
एक स्क्रू बशीतच उरला, दर वर्षीसारखा.
आबांनी बावन्न लावलं. स्वच्छ.
एकसष्ट पट्ट्या, एकूणएक वेळेवर.
ते जरा गप्प झाले.
बशीतून एक लाल तांदूळ निवडला,
दुसऱ्या सप्तकातली ग ची पट्टी
नखाने अलगद उचलली.
माझ्याकडे पाहिलं नाही.

तुळशीच्या लग्नानंतरची पहिली तिथी
मारवडची आहे.